दार बंद होतं, एवढंच मी म्हणाले

ती ट्रंक आता माझ्या पलंगाखाली आहे. पत्र्याची, हिरव्या रंगाची, एका कडेला पोचा आलेली. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या सगळ्या नवरीमुलींची जाळी तिच्यात राहायची. जाळी म्हणजे लग्नात ख्रिस्ती नवरीच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात तो पांढरा झिरझिरीत पदर; शहरात त्याला वेल म्हणतात. मिशनच्या काळात कुणी मडम परत जाताना ती मागे ठेवून गेली होती, आणि ज्यांना विकतची परवडत नव्हती, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, त्या सगळ्या मुली हीच एक जाळी घालून कोल्हापूरच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभ्या राहिल्या. ती राखायचं काम माझ्या आईकडे होतं. आता पोरी गाऊन भाड्यानं आणतात, केसांत खडे लावतात, आणि ट्रंकेला महिनोन्महिने कुणी हात लावत नाही. वर्षातून एकदा मी जाळीला ऊन दाखवते, कडुनिंबाचा पाला बदलते, आणि दर वेळी मला आक्का आठवते. आठवते म्हणण्यापेक्षा डाचते.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नाव करुणा, पण आक्काच. मला लहानपणापासून तिचा हेवा वाटायचा, आणि तो मी कधी लपवला असेल असं मला वाटत नाही. तिचे झगे मला यायचे, तिची पुस्तकं मला यायची, तिची गाण्याची वहीसुद्धा तिचं नाव खोडून मला दिली गेली. आमच्या दोन खोल्यांत सकाळ व्हायची ती आईच्या भाकरीच्या आवाजानं. पीठ परातीत ओतलं की आई पहिली मूठ काढून एका डब्यात टाकायची. ती प्रभूची मूठ. महिन्याच्या शेवटी तो डबा देवळात जायचा आणि तिथून कुणा गरजवंताच्या घरी. आई म्हणायची, "पीठ आपलं न्हाय, घर आपलं न्हाय, तुम्ही दोघीबी माझ्या न्हाईसा. समदं राखायला दिलंय." कधीकधी ती आम्हाला मूठ काढायला सांगायची. आक्काची मूठ भरगच्च असायची. माझी मूठ बघून आई म्हणायची, "सुने, तुझी मूठ चोरटी हाय." आक्काचा हात मोठा होता एवढंच त्याचं कारण, असं मी अजूनही म्हणते. बाबा कोडोलीच्या दवाखान्यात ड्रेसर होते आणि शनिवारी घरी यायचे, येताना मटणाचा वाटा आणायचे. रविवारी उपासनेहून आलं की पांढऱ्या रश्श्याचा वास आणि बाबांचं गाणं, दोन्ही एकदमच सुरू व्हायचं. नळीचं हाड कुणाला मिळालं हे मी रविवारच्या रविवारी लक्षात ठेवायची. बहुतेक वेळा ते आक्का आपल्या ताटातून काढून मला द्यायची, आणि तेव्हा मला तिचा जास्तच राग यायचा.

प्रकाश आमच्या देवळात पेटी वाजवायचा. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. आठवडाभर काळ्या वाळूत असल्यामुळे त्याच्या नखांच्या कडा रविवारीही काळ्याच दिसायच्या, आणि त्या काळ्या कडांची बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर फिरायला लागली की माझं गाण्याच्या ओळीकडे लक्ष राहायचं नाही. मी तेव्हा अठराची होते. तो मला म्हणायचा, "सुनीता, पानं उलटायला ये की जरा." मी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून पानं उलटायची. सगळ्या तरुण संघात त्याला मीच का सापडावी, याचे मी अनेक अर्थ काढले. वर्षभर काढत राहिले. मग एका शनिवारी त्याचे आईवडील घरी आले, आईनं पोहे केले, आणि आक्काला बाहेर बोलावलं. मी आतल्या खोलीत कपबश्या पुसत होते. ज्या पोरीवर मन आहे तिच्या धाकट्या बहिणीला पानं उलटायला बोलावलं की ती पोरगी दर रविवारी बहिणीला न्यायला पेटीपाशी येते, एवढा साधा हिशेब होता तो. मला तो कपबश्या पुसता पुसता कळला. एक बशी फुटली. आक्का आत येऊन मला म्हणाली, "लागलं न्हाय न्हवं?" मी म्हणाले, न्हाय.

लग्न ठरल्यावर प्रकाशनं गडमुडशिंगीत एक खोली भाड्यानं घेतली. मालकीणबाई शेतकऱ्याघरच्या, दारात दोन म्हशी, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. खोली बघायला आक्का जाणार म्हटल्यावर आईनं मला सोबतीला धाडलं. लग्नाआधी मुलगामुलगी एकटी भेटायची नाहीत, हा आमच्यात नियम होता, आणि आई जाळीची राखणदार असल्यामुळे आमच्या घरात तो जरा जास्तच होता. बसमध्ये मी दोघांच्या मध्ये बसले. ती दोघं माझ्या डोक्यावरून स्टोव्ह कुठे ठेवायचा यावर बोलत होती.

खोली लहान होती, नुकताच चुना दिलेला. आक्कानं कमरेला पदर खोचला आणि कुठे काय ते सांगायला सुरुवात केली. कपड्यांच्या खुंट्या दारामागच्या भिंतीवर ठोकायच्या ठरल्या. खिळे मोठे हवे होते, म्हणून प्रकाशनं मला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. दुकानदार जेवायला बसला होता, थांबावं लागलं. परत आले तर दार लावलेलं. आत आक्का हसत होती. घरी ती तशी कधी हसत नसे, निदान माझ्याशी बोलताना तरी नाही. मी खिळ्यांची पुडी हातात घेऊन उन्हात उभी राहिले. किती वेळ, ते मला आज सांगता येणार नाही. माझ्या रागाला तो फार वाटला. मग मी दार ढकललं. कडी घातलेलीच नव्हती. आक्काच्या हातात खडू होता, प्रकाशच्या बाहीला चुना लागला होता. दार उघडं ठेवलं तर दारामागची भिंत दिसणार कशी? म्हणून ते लावलेलं होतं. भिंतीवर तीन खुणा होत्या. "ही ह्यांची," आक्का म्हणाली, "ही माझी, आन् ही खालची तुझी. आलीस की पर्स अडकवायची हितं. तुझा हात पुरंल एवढ्यावरच खूण केलीया बघ."

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत राहिले की मला नीटसं कळलं नव्हतं. कळलं होतं. आणि त्या तिसऱ्या खुणेनं मी जेवढी जळले तेवढी बंद दारानंही जळले नव्हते. त्यांच्या घरात मला एक खुंटी मिळणार होती, पाहुणीची, तीही त्यांनी दोघांनी मिळून ठरवलेली.

पुढच्या रविवारी पाळकांनी लग्नाची पहिली सूचना वाचली. आमच्यात ती लागोपाठ तीन रविवार वाचतात. हे दोघं विवाह करू इच्छितात, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर कळवावी. तेव्हा सगळे नवरीकडे बघतात. आक्का मान खाली घालून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते. त्याच आठवड्यात पाळकीणबाईंनी मुलींचा वर्ग घेतला. बाई नगरकडच्या, शुद्ध बोलायच्या, मनानं कठोर नव्हत्या. लग्न हा देवानं जोडलेला करार आहे, शरीर हे त्याचं मंदिर आहे, ते आपलं नाही, आपण फक्त त्याचे कारभारी आहोत. जसे पैशाचे तसेच देहाचेही, हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की आज मीसुद्धा मुलींना तेच, जवळपास त्याच शब्दांत सांगते. त्यात मला कधी खोट दिसली नाही. बहिणींनी एकमेकींना जपावं, एखादी घसरत असेल तर वेळीच सांगावं, असंही त्या म्हणाल्या. वर्ग सुटल्यावर मी चटया गुंडाळायला थांबले.

"बाई," मी म्हणाले, "आम्ही खोली बघायला गेलो होतो. मी दुकानातनं आले तेव्हा दार बंद होतं."

बाई चटई हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "आत दोघंच होती?"

"होय."

"किती वेळ?"

"मी खिळे घेऊन येईपर्यंत."

खडू, चुना, भिंतीवरच्या खुणा, यातलं काहीच मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हणाले. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. घरी येताना मला हलकं वाटत होतं, आणि त्या संध्याकाळी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आता लिहिताना वाटतं, निदान जेवण तरी जायला नको होतं.

इथे दुसरा एक नियम सांगायला हवा, म्हणजे मी काय केलं ते कळेल. ज्या मुलीबद्दल बोलणं उठलं असेल तिला जाळी मिळायची नाही. लग्न व्हायचं, पाळक आशीर्वाद द्यायचे, पण नवरी नुसता पदर डोक्यावर घेऊन यायची आणि बघणाऱ्यांनी काय ते समजून घ्यायचं. शास्त्रात असं कुठेही नाही. तो आमच्या महिला मंडळाचा नियम. आदल्याच वर्षी लीला नावाची मुलगी होणाऱ्या नवऱ्याबरोबर सिनेमाला गेलेली कुणी बघितली, आणि आईनं तिला जाळी दिली नव्हती. लीला आमच्या उंबऱ्यावर बसून रडली होती. आई म्हणाली होती, "मी देणारी कोण गं? ही माझी असती तर दिली असती."

मंगळवारी पाळकीणबाई आणि मंडळाच्या दोघी घरी आल्या. आई भाकऱ्या करत होती. तिनं हात धुतले, चहा टाकला. बाई फार हळू बोलल्या. आम्ही आरोप घेऊन आलो नाही, म्हणाल्या, पण कानावर आलं आहे, तेव्हा विचारणं भाग आहे. खोलीचं दार बंद होतं का?

"होतं की," आक्का म्हणाली. एका क्षणाचाही वेळ तिनं घेतला नाही. "खुंट्या दारामागं ठोकायच्या हाईत. दार लावल्याबिगर खुणा कशा करणार?"

त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता असंही नाही, पण नुसत्या नवरीच्या बोलण्यावर सोडून द्यायची त्यांची तयारी नव्हती. आईचा चेहरा मात्र उजळला. "सुनी होती की संगं," ती म्हणाली. "सुने, सांग. तू बघितलंस न्हवं?"

पाळकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझं नाव सांगितलं नव्हतं आणि त्या सांगणारही नव्हत्या, हे त्यांच्या नजरेवरून मला कळलं. मला वाटतं त्यांना हवं होतं की मी बोलावं. तीन खुणा होत्या, तिसरी माझी होती, एवढं सांगितलं असतं तरी सगळं तिथेच मिटलं असतं. चुलीवरची भाकरी करपायला लागली होती, तिचा वास येत होता. मी आक्काकडे बघितलं. ती माझ्याकडे बघून हसत होती, मी आता सांगणारच अशा भरवशानं. तिच्या त्या हसण्यानंच माझी जीभ आवळली. सगळं हिलाच मिळायचं आणि ते माझ्याच तोंडून मिळायचं.

"मी दुकानात गेले होते," मी म्हणाले.

तेही खरंच होतं.

पाहुण्या चहा अर्धा ठेवून गेल्या. निर्णय त्यांनी आईवर सोडला, कारण ट्रंकेची किल्ली आईच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती. आईनं ती काढून आक्कासमोर पाटावर ठेवली. "माझा तुझ्यावर इस्वास हाय," ती म्हणाली. "पण म्या लीलाला न्हाय म्हटलंया." आक्कानं एकदा किल्लीकडे बघितलं. मग तिनं ती उचलून आईच्या हातात दिली. "मला नको जाळी. लीलाला दिली न्हाईस आन् मला दिलीस, तर तू कसली राखणदार?" आई रडली. आक्का उठली आणि तिनं तव्यावरची करपलेली भाकरी काढून स्वतःच्या ताटात घेतली. "त्या मालकिणीनंच कुणाला तरी सांगिटलं आसंल," आई डोळे पुसत म्हणाली. मी मान डोलावली. आक्कानं करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडला. पुढे आई मरेपर्यंत मावशींच्या घरचा चहा प्यायली नाही.

लग्नात आक्का पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावरून घेऊन आली. केसांत शेवंती. देवळात कुजबुज झाली ती मी करवली म्हणून तिच्या मागे चालताना नीट ऐकली. बाबांची मान सबंध वेळ खाली होती. त्या दिवशी ते गायले नाहीत. मला वाटलं होतं की आक्काचा चेहरा पडलेला असेल आणि तो बघून माझं समाधान होईल. पण जाळी नसल्यामुळे तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि ती इतकी सुंदर दिसत होती की मला त्याचाही हेवा वाटला. जेवणावळीत मी रस्सा वाढत होते. प्रकाशनं ताट पुढे करत विचारलं, "सुनीता, आता पानं कोण उलटणार?" त्याच्या बोलण्यात काहीही नव्हतं. मी तांबडा रस्सा त्याच्या बाहीवर सांडला आणि चुकून सांडला असं म्हणाले. ते मात्र खोटं होतं.

मी गडमुडशिंगीला जायची तेव्हा पर्स माझ्या खुंटीला अडकवायची. खुंटीला हात बरोबर पुरायचा. आक्काचं मावशींशी फार जमायचं. त्यांच्या म्हशीची धार काढायला शिकली, त्यांच्या सुनेचं बाळंतपण केलं. मला नवल वाटायचं. जिनं आपली एवढी नाचक्की केली तिच्याशी ही कशी काय एवढी गोड वागते? हा प्रश्न मी मनात घोळवायची. हो, हसू नका. मीच रचलेल्या गोष्टीवर माझा इतका विश्वास बसला होता.

मग चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. आमचे हे शाळेत शिक्षक, शांत माणूस. माझ्याबद्दल कुठे काही बोलणं उठलेलं नव्हतं. तीन रविवार सूचना वाचल्या गेल्या आणि तिन्ही रविवार कुणालाही काही अडचण ठाऊक नव्हती. लग्नाच्या सकाळी आईनं ट्रंक उघडली, आणि जाळी बसवायला आक्का आली. कडेवरचं आपलं मूल तिनं शेजारणीकडे दिलं, टाचण्या ओठांत धरल्या आणि माझ्या मागे उभी राहिली. आई फुलं आणायला बाहेर गेली होती. खोलीत आम्ही दोघीच होतो.

मला गप्प बसवेना. चार वर्षं जे पोटात होतं त्यातलं सगळं नाही, पण एक टोक तरी बाहेर काढावं म्हणून मी म्हणाले, "आक्का, त्या मावशींवर तुझा राग कसा न्हाय गं?"

तिनं ओठांतली एक टाचणी काढली, जाळीत घातली, मग दुसरी काढली. मग म्हणाली, "मावशी त्या दिवशी घरात कुठं हुत्या? वैरणीला गेलत्या मळ्यात. त्यांचं दार बाहेरनं कडी घालून बंद हुतं. म्या जाताना बघितलंतं."

आरशात फक्त मी दिसत होते, तिचा चेहरा जाळीमागे होता.

"मग तू बोलली का न्हाईस?"

"काय बोलणार? भनीनं आळ घेतला म्हणून मंडळीत सांगिटलं आसतं, तर त्यांनी तुला उभं केलं आसतं सगळ्यांम्होरं. प्रभुभोजनातनं बाजूला ठेवली आसती." तिनं पुढून येऊन माझ्या कपाळावरची कड सरळ केली. "आन् मग आज ही जाळी तुझ्या डोस्क्यावर बसली आसती व्हय? एकीची गेली तेवढी बास की."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "हलू नको. टाचणी टोचंल." मग शेवटची टाचणी लावून झाल्यावर तिनं जाळीच्या दोन्ही कडा हातात धरल्या, एखादी वस्तू परत देण्याआधी बघतात तशा नीट बघितल्या, आणि सोडल्या.

देवळात शिरले तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. जन्मभर मला तेच हवं होतं. पेटी प्रकाश वाजवत होता. मी मात्र चौथ्या बाकावर पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या आक्काकडे बघत चालले होते, आणि जाळी माझ्या डोक्यावर असूनही मला तिचाच हेवा वाटत होता.